बरणीवरची चिठ्ठी

शाळेच्या प्रयोगशाळेत मी ३१ वर्षं बाटल्या पुसल्या. हुद्दा प्रयोगशाळा सहायक, मुलांच्या लेखी ‘मामा’. शाळा तासगाव भागातली. खिडकीतून एका बाजूला द्राक्षबागा दिसायच्या आणि दुसऱ्या बाजूला एसटी स्टँड.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सरांनी विज्ञान प्रदर्शनासाठी एक कल्पना काढली. रोजच्या वापरातल्या चाळीस वस्तू बरण्यांत भरायच्या आणि प्रत्येक बरणीवर चिठ्ठी डकवायची. वर वस्तूचं नाव, खाली मुख्य घटक. माझं अक्षर बरं, म्हणून चिठ्ठ्या मी लिहिल्या. प्रदर्शन तीन दिवसांत आटोपलं. बरण्यांचं कपाट मात्र मी निवृत्त होईपर्यंत तिथंच उभं होतं, आणि दर वर्षी त्यातली एखादी तरी चिठ्ठी फाडून मला नव्यानं लिहावी लागली. त्या खाडाखोडीत जे पदरात पडलं, ते सांगतो.

१. नावावर जाऊ नये.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. शिसपेन्सिलीच्या बरणीवर मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘मुख्य घटक: शिसे’. सर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, “मामा, पेन्सिलीत शिसं असतं, तर निम्मी शाळा आजारी पडली असती. पोरं दिवसभर तीच चघळतात.” आत असतं ग्राफाईट, म्हणजे कोळशाचाच सख्खा भाऊ, आणि त्यात कालवलेली चिकणमाती. ग्राफाईट पहिल्यांदा हाती लागलं तेव्हा लोकांना ते शिशाचाच प्रकार वाटलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. ग्राफाईटच्या भुकटीत माती मळून, कांड्या भाजून घ्यायची युक्ती फ्रान्समध्ये काँते नावाच्या माणसानं १७९५ मध्ये काढली. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, माती कमी तर मऊ आणि काळी. पाटीवरची पेन्सिल आणखी वेगळी. ती नुसती मऊ दगडाची कांडी.

सोडावॉटरचंही तसंच. आपल्या स्टँडवरच्या गोटी सोड्यात मुळात असतं पाणी आणि दाबून भरलेला कार्बन डायऑक्साईड. सोड्याचं फक्त नाव. उलट डांबरगोळी. पांढरीशुभ्र गोळी, तिच्यात कुठलं आलंय डांबर, म्हणून मी ते नाव खोटं समजत होतो. पण गोळीतलं नॅप्थलीन पूर्वापार दगडी कोळशाच्या डांबरातूनच काढत आले. तिथं नाव खरं निघालं आणि मी खोटा.

२. शिसं शोधायचंच असेल तर शेंदरात शोधावं.

शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साईड. शंभर ग्रॅम शेंदरात नव्वद ग्रॅमच्या वर नुसतं शिसं. म्हणजे ज्याच्या नावात शिसं त्याच्यात ते औषधालाही नाही, आणि ज्याच्या नावात नाही तो जवळजवळ सगळा शिसंच. ती एकच बरणी मी कपाटातून कायमची काढली. छोटी पोरं झाकण उघडून बोट घालायची आणि तेच बोट तोंडात.

३. पुस्तकातला खडू आणि फळ्यावरचा खडू वेगळे असू शकतात.

पुस्तकात लिहिलेलं, खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की फसफसून कार्बन डायऑक्साईड निघतो आणि तो चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते. नववीच्या तासाला नव्यानं आलेल्या बाईंनी मला खडू मागितला. मी फळ्याखालचाच उचलून दिला. बाईंनी आम्ल घातलं. काही नाही. आणखी घातलं. खडू आपला मुकाट बसलेला. मागच्या बाकावरून खुसखुस सुरू झाली आणि बाईंचा चेहरा उतरला.

मधल्या सुट्टीत उलगडा झाला. खडियाच्या डोंगरातून निघणारा नैसर्गिक खडू कार्बोनेटच असतो, पण आमच्या शाळेत येणारे खडू गावातल्याच एका बचत गटात साच्यात ओतलेले होते, प्लास्टर ऑफ पॅरिसचे. म्हणजे कॅल्शियम सल्फेट. जिप्सम भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी जातं आणि प्लास्टर उरतं. त्यात पाणी ओतलं की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतं. आम्लात ते फसफसणार नाही, कारण त्यात कार्बोनेटच नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी अंड्याचं टरफल आणलं, आणि ते असं फसफसलं की मागच्या बाकानं टाळ्या दिल्या.

तेव्हापासून खडूच्या बरण्या दोन झाल्या. गणपतीच्या दिवसांत मी मुलांना दुसरी बरणी दाखवायचो. प्लास्टरची मूर्ती पाण्यात विरघळत का नाही, तर एक लिटर पाणी जेमतेम दोन ग्रॅम जिप्सम पोटात घेतं. मूर्ती दहा किलोची असेल तर हिशेब तुम्हीच करा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं त्यावर अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणाचा तोडगा काढला. त्यात मूर्ती विरते, तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं, म्हणजे झाडाला घालायचं खत. शाळेत आम्ही एका बोटभर मूर्तीवर हे करून पाहिलं. दोन दिवस लागले, आणि वर्गात अमोनियाचा वास भरला तो वेगळाच.

हेच ज्ञान घरी उशिरा वापरलं. आमचा स्वयंपाकाचा ओटा कडाप्प्याचा आणि मोरीत शहाबादी. दोन्ही चुनखडीचेच दगड. ओट्यावर लिंबू चिरलं की पांढुरके डाग का पडतात, म्हणून हिनं कितीदा विचारलं असेल. मी शाळेत आम्ल आणि कार्बोनेटचा प्रयोग मांडून देत होतो, आणि घरी सांगत होतो, घासायची काथी बदल.

४. पाणी मोजल्याशिवाय सही करू नये.

हा धडा मला खुलाशाच्या कागदावर मिळाला.

साठा तपासणीला वरून एक साहेब आले होते. नोंदवही उघडून एकेक बाटली वजन करायला लागले. धुण्याचा सोडा: आवक ५०० ग्रॅम, खर्च शून्य, शिल्लक असायला हवी ५००. तराजूवर निघाला अडीचशेच्याही खाली. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पुढची बाटली कॉस्टिक सोड्याची. ती भरली जास्त. पाऊणशे ग्रॅम जास्त. आता साहेबच गोंधळले. चोरी लिहायची सवय होती, पण जास्त भरलेल्या मालाचं काय लिहायचं? त्यांनी दोन्ही लिहिलं. आठ दिवसांत खुलासा द्या.

धुण्याच्या सोड्याचे स्फटिक काचेसारखे दिसतात. कोरडे ठणठणीत, हाताला ओल लागत नाही. पण त्यांच्या वजनात शंभराला ६३ भाग पाणी असतं. ते ओलसरपणाचं पाणी नव्हे. स्फटिकाच्या बांधणीतच बसलेलं, दर सोडियम कार्बोनेटमागे दहा रेणू. झाकण सैल राहिलं आणि हवा कोरडी असली की त्या दहांपैकी नऊ हळूहळू निघून जातात आणि काच होती तिथं पीठ उरतं. सोडा सगळा जागच्या जागी, एक कणही कमी नाही, आणि वजन निम्म्याच्या खाली. कॉस्टिकचं उलटं. तो हवेतलं पाणी ओढतो, कार्बन डायऑक्साईडही ओढतो, आणि फुगत जातो. म्हणजे एका बाटलीनं जे हवेत उधळलं, तेच शेजारची बाटली साठवत बसली होती. माझा दोष झाकणाचा, आणि तो मी मान्य केला.

पण कागदावर हे पटेना. मग सरांनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर नवीन स्फटिकांची बशी ठेवली, बरोबर ५० ग्रॅम, पातळ पसरून. मार्च महिना, वरून पंखा. रोज सकाळी वजन करायचं आणि मुख्याध्यापकांनी शेजारी सही करायची. दहा दिवसांनी काटा २२ वर आला. तो तक्ता खुलाशाला जोडला. उत्तर काही आलं नाही, पण पुढच्या वर्षी दुसरे साहेब आले, त्यांनी आधी विचारलं, “झाकणं घट्ट आहेत ना?”

त्यानंतर मला सगळीकडे पाणीच दिसू लागलं. मोरचुदात शंभराला ३६ भाग पाणी. चमच्यात तापवला की निळेपणा उडून तो पांढरा पडतो, वर थेंबभर पाणी सोडलं की पुन्हा निळा. निळा रंग नुसत्या तांब्याचा नाही, पाण्याशी जोडलेल्या तांब्याचा. तुरटीत जवळजवळ ४६ भाग. आमची आजी तव्यावर तुरटीची लाही करायची, ती फुलायची ते हेच पाणी वाफ होऊन बाहेर पडताना. दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि गवळ्याला शिव्या त्याच्या वरच्या पाण्यासाठी बसतात. चिठ्ठीवर मात्र ‘मुख्य घटक’ म्हणून पाणी लिहायला कुणीच तयार नसतो. मीही लिहिलं नाही. फक्त कंसात आकडा टाकला.

५. मुख्य घटक आणि कामाचा घटक एकच असतो असं नाही.

हा धडा शिकायला मला एका दुकानदाराची माफी मागावी लागली.

‘भेसळ ओळखा’ असा नववीच्या मुलींचा प्रकल्प. आयोडीनचा थेंब पिठावर टाकला की पिठूळ पदार्थ, म्हणजे स्टार्च, गर्द निळा होतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी बाजारातल्या हळदीवर तो टाकला. निळी-काळी झाली. मी शेजारी उभा होतो. मान डोलावली. मुलींनी तक्त्यावर लिहिलं, ‘या हळदीत पीठ आहे’, आणि भाबडेपणानं खाली दुकानाचं नावही घातलं.

दुसऱ्या दिवशी दुकानदार दारात. हातात दोन हळकुंडं. “मामा, पीठ कुठून घालतो म्हणता मी? हे घ्या. तुमच्या हातानं कुटा.” मी खलबत्त्यात कुटलं, चाळलं, थेंब टाकला. तोच गर्द निळा. कारण हळकुंड म्हणजे शेवटी जमिनीतला गड्डा. बटाट्यासारखाच तोही स्टार्च साठवतो. हळदीचा मुख्य घटक स्टार्चच. ज्याच्यामुळे ती पिवळी, ज्याच्यामुळे सांगलीच्या पेठेत तिचा भाव ठरतो, ते करक्युमिन शंभरात दोन ते पाच भाग. आमचा प्रयोग खरा होता, पण त्याला हळदीत भेसळ दिसणं शक्यच नव्हतं. खरी भीती असते मेटॅनिल यलोसारख्या रंगाची. त्याला आयोडीन नव्हे, आम्ल लागतं. रंग गुलाबी-जांभळा होतो आणि पाणी घालून पातळ केलं तरी जात नाही. अस्सल हळदीचा तो गुलाबीपणा पाण्यानं जातो.

तक्ता उतरवला. संध्याकाळी दुकानात जाऊन माफी मागितली. त्यानं चहा पाजला आणि पाव किलो हळद बांधून दिली. पैसे घेतले, तेवढा हिशेबी होता. मुलींना मी नंतर करक्युमिनचं दुसरं रूप दाखवलं. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू त्यातूनच आलं, आणि सदऱ्यावरचा वरणाचा डाग साबणानं लालभडक होतो तो त्यामुळेच.

तेव्हापासून माझ्या चिठ्ठीवर तिसरी ओळ आली, ‘काम कोणाचं’. मिरचीत मुख्य घटक दुसरेच, तिखटपणा कॅप्सेसिनचा, आणि ते बहुधा एक टक्काही भरत नाही. मीठ जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईड, पण गलगंड रोखायचं काम किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन करतं. सिलिंडरमधला वायू मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन, दोघांनाही वास नाही. गळती झाली की आपल्याला जे जागं करतं ते त्यात मुद्दाम मिसळलेलं चिमूटभर मर्कॅप्टन. माणिक आणि साधा कुरुंद दोन्ही ॲल्युमिनियम ऑक्साईडच. माणकाचा रंग आणि भाव, दोन्ही क्रोमियमच्या अंशाचे.

६. ज्वारीचं ताट आख्खं ग्लुकोजचंच म्हणायला हरकत नाही.

दाण्यात स्टार्च, कडब्यात सेल्युलोज. दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, फक्त कड्या जोडण्याची तऱ्हा वेगळी. त्या एका फरकानं भाकरी आमच्या वाट्याला आली आणि कडबा बैलाच्या. बैलालाही तो एकट्याला पचत नाही. त्याच्या पोटातले जंतू पचवून देतात.

७. दोन चांगल्या वस्तू एकत्र चांगल्याच राहतील असं धरून चालू नये.

यावर विनोद सुचत नाही. शाळेच्या संडासात मावशींनी टीसीएल पावडर टाकली होती. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. फरशीचे पिवळे डाग जाईनात म्हणून त्यावर त्यांनी बाटलीतलं ॲसिड ओतलं. क्षणात पिवळट-हिरवा वायू उठला. क्लोरीन. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममध्ये ईप्रच्या आघाडीवर जर्मनांनी सैनिकांवर सोडला होता तोच. मावशी खोकत भिंतीला टेकल्या. आम्ही त्यांना मोकळ्या हवेत आणलं, रिक्षा बोलावली. चार दिवसांनी त्या कामावर आल्या, आवाज मात्र महिनाभर बसलेला होता.

दोन्ही बाटल्यांवर घटक छापलेले होते. अगदी बरोबर छापलेले होते. मावशींना वाचता येत नव्हतं, आणि मला येत होतं, तर मी दोन्ही एकाच फळीवर ठेवलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी टीसीएल एका खोलीत आणि ॲसिड दुसऱ्या खोलीत गेलं, कुलपांच्या किल्ल्याही वेगळ्या.

८. पायाखालचंही वाचावं.

सहलीला कोकणात गेलो की पोरं जांभा दगड उचलून आणायची. घाटावरचा आपला काळा कातळ बेसॉल्ट, त्यात साधारण निम्मी सिलिका. तोच कातळ कोकणातल्या पावसात आणि उन्हात युगानुयुगं धुऊन निघाला, सिलिका वाहून गेली, लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साईड मागे राहिले. म्हणून तो लाल. म्हणूनच राधानगरीकडे बॉक्साईटच्या खाणी. आणि काळ्या मातीच्या बरणीवर मी वर्षानुवर्षं ‘कुजलेला पाला’ असं लिहून ठेवलं होतं, रंगाला फसून. तिच्यात सेंद्रिय कर्ब पुष्कळदा एक टक्क्याच्याही आत असतो. तिचा स्वभाव चिकणमातीचा. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. ही चिठ्ठी दुरुस्त करायला मला बावीस वर्षं लागली, आणि मी शेतकऱ्याच्या घरातला.

९. लिटमस संपला तरी काम अडत नाही.

ऑक्टोबरमधल्या फळछाटणीनंतर द्राक्षवाले शाळेत लिटमस कागद मागायला यायचे. डाऊनी रोगासाठी बोर्डो मिश्रण करायचं असायचं. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत भिजवायचं, लोखंडाच्या भांड्यात नाही, आणि मग एकत्र ओतायचं. आभाळासारखा निळा रंग येतो. चुना कमी पडला तर मोकळं तांबं पानं जाळतं, म्हणून तपासणी. निळा लिटमस लाल झाला तर आणखी चुना.

या मिश्रणाची गोष्ट मुलांना फार आवडायची. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडायचे, ते रोगासाठी नव्हे, तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं घड तोडू नयेत म्हणून. त्या निळ्या वेलींवरच रोग दिसत नाही, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, आणि १८८५ मध्ये त्यानं ते जाहीर केलं.

एका वर्षी आमच्याकडचा लिटमस संपला होता. आण्णा म्हणून एक म्हातारे बागायतदार होते, त्यांना मी तसं सांगितलं, आणि कपाटात बोर्डोची बरणी नाही म्हणून रिकामी बरणी आणि कोरी चिठ्ठी घेऊन त्यांच्याबरोबर मळ्यात गेलो. आण्णांनी पिंपात मिश्रण ढवळलं. कमरेचा विळा काढला, दगडावर दोनदा घासून चकचकीत केला आणि पातं पिंपात बुडवलं. बाहेर काढलं तेव्हा पात्यावर तांबूस झाक होती. लोखंडावर तांबं बसलं होतं.

“अजून मागतंय,” ते म्हणाले, आणि चुन्याचं आणखी पाणी ओतलं. विळा पुन्हा घासला, पुन्हा बुडवला. या खेपेला पातं पांढरंच आलं.

मी बरणी पुढे केली. “आण्णा, यातलं थोडं द्या. कपाटात ठेवतो. चिठ्ठी लावतो.”

“ठेवायचं नसतंय हे,” ते म्हणाले. “आजचं आजच मारायचं. उद्याला नुसता गाळ.” आणि पंप पाठीवर घेऊन ते पहिल्या ओळीत शिरले.